प्रकाशाला, दीड तास

पेट्रोलचे बाजूला काढून
उरले दोनशे तीस.
शेवभाजी एक, भाकरी चार,
रस्सा दुसऱ्यांदा फुकट.

सुरत अजून लांब, समुद्र त्याहून.
हेमकांतने तापीच्या पुलाखाली गाडी लावली,
म्हणाला, हेच बंदर समज.

तीन होड्या. एकीत शेळी उभी,
कान वाऱ्याकडे.
सुपडू भोयाने नांगर म्हणून
जात्याची फुटकी तळी बांधलेली.

पल्याड नेऊन आणायचे वीस ठरले.
मध्यावर वल्हं थांबवून त्यानं विचारलं,
"समिंदर कसा ऱ्हास, भाऊ?"

आम्ही तरी कुठे पाहिलेला.
मी म्हणालो, मोठा.
हेमकांत म्हणाला, खारट.

"मंग पेवाले काय कामना?"
सुपडूनं दहा परत दिले,
चहा प्या म्हणाला.

चहा शहाद्याच्या फाट्यावर प्यायलो.
गोड होता फार.