नाटिवा

गुरुवारी दुपारी लिंकनच्या दफ्तरखान्यात
आम्ही पाचजणी आणि एक निवृत्त टपालवाला
साडेसहाशे वर्षांपूर्वीचं लॅटिन फोडत बसतो
अक्रोडासारखं.
चर्मपत्राला अजून मेंढीचा वास येतो,
हीटर लावला की जास्तच.

आज माझ्या वाट्याला आलेली ओळ :
इडोनिया, राल्फची लेक, नाटिवा.
गावाबाहेर लग्न करायची परवानगी.
दंड दोन शिलिंग.

नाटिवा म्हणजे जन्मलेली, हिलरी म्हणाली.
मी थांबले. जन्मलेली कोण नसते?
तशी नव्हे गं. मालकाच्या जमिनीवर जन्मली
म्हणून मालकाची.
म्हणजे आईच्या पोटातून निघाली
ती थेट दुसऱ्याच्या वहीत.

हाच शब्द पुढे जहाजात बसला,
आमच्या बंदरात 'नेटिव्ह' होऊन उतरला.
पागोट्यांसकट सगळे पुरुष मावले त्यात.

तुमच्याकडे काय म्हणतात, तिनं विचारलं.
बटीक, मी म्हणाले,
आणि हा कुठून आला ते सांगता येईना.
दुसरा ठाऊक होता. कुणबीण.
कुणब्याची बायको, खुरपं हातात असलेली, एवढंच.
मग कुणीतरी तिला यादीत घातलं,
घोड्याखाली, घंगाळाच्या वर,
पुढे रुपये मांडले.
शब्दाचा पाय तिथे मुरगळला.

बटीक मात्र अजून कामावर आहे.
सकाळीच फोनवर अग्रलेख वाचला :
अमुक खातं तमक्यांची बटीक झालंय.
खात्याला लागलं असेल.
बटकीला कुणी विचारलं नाही.

एकोणऐंशी साली माझ्या पासपोर्टवर शिक्का होता,
अवलंबून.
आधी ह्यांचं नाव, मग माझं.
फी किती भरली आठवत नाही,
गावाबाहेर लग्न केलं होतं एवढं खरं.
पण नको, इडोनियाशेजारी बसायचा
मला हक्क नाही.
माझ्याकडे परतीचं तिकीट होतं.

दोन शिलिंग कुणी भरले
ते ओळीत नाही.
बापानं असतील, हिलरी म्हणते.
तेव्हा काय यायचं हो दोन शिलिंगांत?
टपालवाला चष्मा कपाळावर सरकवतो,
बोटांवर काहीतरी मोजतो.
एखाद-दुसरी मेंढी, म्हणतो.

मी चर्मपत्रावरून हात काढून घेते.