दोन उसांवर उभा तंबू

गडहिंग्लजहून सकाळची एसटी,
कोल्हापुरात उतरून पुढं कोडोलीची.
मांडीवर वळकटी, पायाशी स्टोव्ह,
अमोसच्या गळ्यात पट्टा तुटलेली बाटली.
वाठारच्या फाट्यावर मला एकदम आठवलं,
तंबूचे खांब घरीच राहिले,
दाराच्या मागं,
याकोब ठेवायचा तिथंच.

सतरा वर्षं मी फक्त डबे भरत आले.
खांब त्याच्याकडे, दोऱ्या त्याच्याकडे,
कुठली गाठ ओढली की आवळते
आणि कुठली एका बोटानं सुटते,
हे सगळं त्याच्या हातात होतं.
ते हात मार्चमध्ये पुरले आम्ही.

मेळाव्याचं मैदान म्हणजे खोडवा मोडलेलं रान.
चुन्याच्या रेघा, मंडळीवार पाट्या,
मिरज, इस्लामपूर, निपाणी,
आम्हांला कडेची जागा, संडासाजवळ,
कारण नावं उशिरा दिली.
फिलोमन मास्तरांनी वही उघडली.
"किती जण?"
"दोन."
पेन जरासं थांबलं,
मग त्यांनी दोनच लिहिलं.

बांधापलीकडं तोड चाललेली.
यसबा चौगुले, कपाळाला जोतिबाचा गुलाल,
माझी ताडपत्री बघत उभा.
"काय वो बाई, टेकू न्हाई व्हय तंबूला?"
आणि दोन घावांत दोन ऊस, वाडं छाटून,
"शहाऐंशी-बत्तीस हाय,
वाकंल, पर मोडायचा न्हाई."
पैसे विचारले तर हसला,
"कारखान्याचा दर ठरंना अजून,
तुमास्नी कशाचा सांगू?"

तंबू उभा राहिला. तिरका, पण उभा.
रात्री समोरच्या डोंगरावर देवळाचे दिवे,
अलीकडं आमच्या जनरेटरची धडधड,
पेटीला सूर सापडेना, ढोलकी पुढं पळाली,
आणि तिखट कुणी वाढवलं यावरून
दोन मंडळ्या एकमेकींशी अबोल.

शनिवारी पाळकसाहेब निवासमंडपावर बोलले,
बाभळीच्या फळ्या, रुप्याच्या उथळ्या,
कुठली कडी कुठल्या आकड्यात,
दोन तास, मोजमापासकट.
मी पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकलं.
याकोबला आवडलं असतं,
त्यानं उठून गाठींबद्दल विचारलं असतं.

तेवढ्या वेळात
शब्बाथशाळेची अकरा पोरं
माझ्या तंबूत बसून
माझा मागचा खांब खात होती.
आधी वरचा शेंडा, मग एक पेर,
मग आणखी एक, कुणाला कळणार आहे म्हणून.
उरलेला हातभर तुकडा
अमोसनं वळकटीवर उभा केला होता,
मोठ्या कारागिरीनं.

रात्री दोनला कूस बदलली
आणि सगळी ताडपत्री दंवासकट अंगावर.
अंधारात अमोसचा आवाज:
"आई, खांब आम्ही खाल्ला."

मला हसू आलं.
पोट दुखेपर्यंत, थांबवता येईना असं,
तोंडावर ओली ताडपत्री, केसांत माती.
रूथबाई बॅटरी घेऊन धावत आल्या,
त्यांना वाटलं मी रडतेय.
ताडपत्री वर करून आत शिरल्या, चपलांसकट,
आणि काही न विचारता
माझी पाठ चोळत बसल्या.
मी सांगितलं नाही.
मग थोड्या वेळानं
त्यांचंच बरोबर झालं.

रविवारी साक्ष द्यायला माझं नाव पुकारलं.
तयार केलेलं सगळं विसरले.
माइक खरखरला. मी म्हणाले,
"पोरांनी खांब खाल्ला, देवाची स्तुती असो,"
आणि खाली बसले.
मागच्या रांगेत कुणीतरी फुस्सकन हसलं,
फिलोमन मास्तर चष्मा पुसत राहिले.

परतीच्या एसटीत अमोस झोपला,
ओठाला उसाची सालं लागून चिरा पडलेल्या.
घरी दार उघडलं, खांब तिथंच होते.
बाजूला सारून मी केरसुणी घेतली.
वळकटी झटकली तर
अंगणभर चोयट्या,
आणि सकाळपर्यंत
मुंग्यांची एक लांब रांग
उंबऱ्यापर्यंत आलेली.