बोल्गार्का

आमच्या कुताइसीत या यंत्राला बोल्गार्का म्हणतात.
म्हणजे बल्गेरियाची बाई.
पहिली खेप तिकडून आली म्हणे, नाव चिकटलं.
बल्गेरियाची बाई काही दुकानात कधी आली नाही.

आली ती त्सिआला,
द्राक्षतोडणीच्या आठवड्यात, बोटं मनगटापर्यंत जांभळी.
म्हणाली, "सगळ्यात मोठी दाखव."

आधी सगळे मोठीच मागतात.
किती जावयांनी, किती नव्या कंत्राटदारांनी
या फळीवरची दोनशे तीसची उचलून पाहिलीय,
तान्हं मूल जोखावं तशी,
आणि मान डोलावलीय.
साडेपाच किलो. रूळ कापते, दगडी पायरी कापते,
आणि चकती फटीत अडकली
की धरणाऱ्यालाच गरकन फिरवते.

मी विचारलं, "कापायचंय काय?"
"लोखंड."
"जाडी?"
तिने करंगळी दाखवली, मग जरा थांबून अंगठा.
"जागा ऐसपैस आहे का?"
"नाही. गुडघे टेकून बसावं लागेल."
"आणि वीज?"
तेव्हा ती हसली.
"तिथे वीज कुणाला लागते, नुगझार?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.
आमच्याकडे थडग्यांना कंबरेएवढं लोखंडी कुंपण असतं,
आत मेज, आत बाक.
वर्षातून दोनदा तिथे बसून जेवतात,
पहिला घोट मातीला.
तिच्या बापाने स्वतः वेल्ड केलं होतं ते कुंपण,
आजा, आजी आणि आपण,
तिघांच्या मापाचं.
बायकोचं माप घ्यायचं राहून गेलं.
आता ती घरी होती, मेणबत्त्यांच्या मधे, रविवारपर्यंत.

मोठी मी परत फळीवर ठेवली.
एकशे पंचवीसची काढली, बॅटरीवरची,
मुठीत मावेल अशा बारीक कंबरेची.
खाली लांब पट्टीचं बटण. दाबलं तर चालते,
हात सुटला की बंद.
धंद्यात त्या बटणाला मेलेल्याचं बटण म्हणतात.
ते मी गिळलं.

चकत्या दिल्या एक मिलिमीटरच्या, पाच.
मधल्या कडीवरची तारीख तिला वाचून दाखवली.
चकतीलाही मुदत असते, शिळी झाली तर हातात फुटते.
"दाबू नकोस. तिचं वजन तिला पुरे.
ठिणग्या स्वतःच्या पायांकडे घे, वाळल्या गवताकडे नको,
आणि पाण्याची बादली जवळ असू दे.
हे गार्ड काढायचं नाही. कुणी काहीही सांगो."
हनुवटीवरची रेघ दाखवली तिला.
लष्करात होतो. मोठी चकती लहान यंत्रावर बसेना,
म्हणून गार्ड काढलं होतं. एकोणीस वर्षांचा होतो,
अक्कल त्याहून लहान.

ती म्हणाली, "बाबांचा जोड कुठून तोडू?"
"जोडावर नको. जोड टणक असतो, चकती खातो.
त्याच्या शेजारून काप, दोन बोटं सोडून."
"मग पुन्हा लावता येईल?"
"येईल. मी येऊन लावीन, चौघांच्या मापाचं."
तिने किंमत विचारली, आणि तोंड फिरवलं.
मी म्हटलं, विकत कशाला, एकदाच तर लागणार आहे.
भाड्याने ने.

गुरुवारी परत आणली.
हवेच्या जाळीत हिरव्या रंगाचे कण आणि गंज.
चकती झिजून पापडीएवढी उरलेली.
सोबत काचेच्या बरणीत नवी वाईन, अजून गढूळ.
"कधी येऊ जोडायला?" मी विचारलं.
"नको," ती म्हणाली. "ती बाजू उघडीच ठेवलीय.
आईला शेजारणींचं येणंजाणं लागायचं.
बाक तिकडे सरकवलाय."

दोन्ही बॅटऱ्या मी लावून पाहिल्या.
एक भरलेलीच होती, वापरलीच नव्हती.
वहीत एका दिवसाचं भाडं लिहिलं.
दिवस सहा झाले होते.