मीठ मोजणारी

कियोनो दार ठोठावायची नाही.
बुटांवरचं बर्फ उंबऱ्यावर आपटायची,
तेवढ्यानं घरातल्यांना कळायचं:
आली, मीठ मोजणारी.

पिशवीतून ती कांडी काढायची,
थर्मामीटरच्या चुलतबहिणीसारखी दिसणारी,
मिसोच्या सारात बुडवायची
आणि आकडा वाचायची मोठ्यानं,
शाळेत निकाल वाचतात तसा.
एक पूर्णांक सहा.
घरातली बाई ओशाळायची. म्हातारा हसायचा.
कियोनो हसायची नाही.

त्याआधीच्या हिवाळ्यात नागानोच्या या खोऱ्यात
आमची सात माणसं पडली.
एक न्हाणीघरात,
एक छपरावरचं बर्फ ओढताना,
माझा थोरला भाऊ त्सुरुकिची जेवता जेवता,
लोणच्याच्या बशीत गाल टेकवून.
साठी कुणी पाहिली नाही.
मेंदूत रक्त फुटलं, डॉक्टर म्हणाले.
आम्ही म्हणालो, थंडी.
आम्ही म्हणालो, नशीब.
माझी बायको
लोणच्याच्या पिंपाकडे बघत राहिली.

पिंप माझ्या आईचं.
नोझावानाचा पाला थरावर थर,
मध्ये मुठीमुठीनं मीठ,
वर नदीतला दगड.
नोव्हेंबरात भरायचं, बर्फ वितळेपर्यंत पुरवायचं.
पाच महिने दुसरं हिरवं काय होतं इथं?
त्या मिठानंच जगवलं आम्हाला.
खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आम्ही,
जागता जागता झोपलो एकेक.

तिनं पहिल्यांदा अळणी सार वाढलं
तेव्हा मी वाडगा खाली ठेवला.
काही बोललो नाही.
उठलो, सोयाची बाटली आणली.
दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तोंडावर
भाताच्या खळीनं चिकटवलेला कागद,
कागदाला सुईनं पाडलेलं एक भोक.
अकरा दिवस मी
थेंबाथेंबानं भांडलो तिच्याशी.

मग सारात मुळा आला, गाजर आलं,
भोपळा, अळकुड्या, वाळवलेले शिताके,
इतके, की पाण्याला जागा उरेना.
"पाणी कमी, तर मीठ कमी," म्हणाली.
तिचं सगळं शास्त्र एवढंच.
ते घेऊन ती एकोणीस वर्षं दारोदार फिरली,
शिव्या खाल्ल्या, चहा प्यायली,
पिंपं निम्म्यावर आणली.

दर नोव्हेंबरात मात्र
दगड धुवायच्या आधी
ती मागे वळून बघायची,
आणि कुणी नाही असं पाहून
दगडावरून बोट फिरवून चाटायची.
मी गोठ्याच्या फटीतून पाहिलंय.

केव्हा बदललं, सांगता येत नाही.
एका संध्याकाळी मुळा गोड लागला.
मुळा! आयुष्यभर खाल्लेला.
मी तिला सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं.

ती गेली ती मिठानं नाही.
शहाऐंशीव्या वर्षी पर्सिमनच्या झाडावर
कोण चढतं?
शेंड्याची दोन फळं पाखरांसाठी सोडतात,
तिला तिसरंही राहिलेलं दिसलं.
दवाखान्यात तो पोरगेला डॉक्टर म्हणाला,
आजींचं हृदय फार छान होतं.
मी हसलो.
सुनेनं मान खाली घातली.

आता मी एक्क्याण्णव.
सार मीच करतो. मुळा चिरायला वेळ लागतो,
वेळ आहे.
कांडीचा सेल केव्हाच संपला,
बदलला नाही, जीभ सांगते.
समोरच्या वळणावरचा तोमेझो अठ्ठ्याऐंशीचा,
रोज छपराकडे बघतो आणि मला हाक मारतो,
चढायचं का?
आम्ही चढत नाही. पण विचारतो तरी.

काल तिचं वर्षश्राद्ध.
देव्हाऱ्यात तिच्या फोटोपुढे वाडगा ठेवला,
वाफ तिच्या चष्म्यापर्यंत गेली.
मग परत उचलला.
स्वयंपाकघरात गेलो, मागे वळून पाहिलं,
कुणी नव्हतं.
एक चिमूट टाकली. मग आणखी एक.

खा, कियोनो.
आता कोण मोजतंय.