अडीच तारे

संपादक म्हणाले, तीनशे शब्द, रात्री नऊच्या आत,
आणि शेवट फोडायचा नाही.

शेवट अख्ख्या गावाला ठाऊक होता.
गणपतराव हेर्लेकरांची कादंबरी
शाहूपुरीच्या वाचनालयातून चौदा वर्षं फिरत होती,
पुठ्ठा तीनदा बदललेला,
पहिल्याच कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं
खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं,
आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात: हलकटा.

सकाळचा खेळ. अर्धं थिएटर तालमीतली पोरं.
खुनी पडद्यावर आला तशी शिट्टी पडली,
'काय एन्ट्री हाय भावा, नाद खुळा!'
पुस्तकात तो सहाव्या प्रकरणापर्यंत येतच नाही.
येतो तोही चपलेचा अंगठा शिवून घ्यायला.
सुट्टे नसतात. उद्या देतो म्हणतो.
आणि दुसऱ्या दिवशी येऊन देतो.
चौदा वर्षांपूर्वी मी घाबरलो होतो
ते त्या देण्याला.
इथं त्याच्यासाठी पन्नास व्हायोलिनं लावली होती.

पुण्या-मुंबईची परीक्षणं आधीच आली होती.
थरारक. खिळवून ठेवणारा. नखं कुरतडायला लावणारा.
एकानं लिहिलं, मूळ कादंबरी पसरट आहे,
दिग्दर्शकानं तिची चरबी काढली.

चरबी म्हणजे तिसरी बाई.
आक्काताई चौगुले, कपिलतीर्थ मंडईत लिंबं विकणारी.
पुस्तकात तिला बावीस पानं.
वीस पानं ती भावजयीशी
एका पितळी घागरीवरून भांडते,
एकविसाव्यावर घागर देऊन टाकते,
बाविसाव्यावर मरते. दोन ओळी. एकही विशेषण नाही.

पडद्यावर तिला अकरा सेकंद. मी मोजले.
एक हात, हिरव्या बांगड्या,
आणि फरशीवरून घरंगळत आपल्याकडे येणारं
एक लिंबू,
ओलं, पिवळं, सावकाश.

त्या लिंबावर सगळे भाळले.
मीही. तीनशेतले सत्तर शब्द लिंबाला दिले,
घागरीला जागा उरली नाही.
तारे अडीच.
अर्धा हेर्लेकरांच्या मानाचा
की भिडेचा, ते आता सांगता येत नाही.

रविवारी बिंदू चौकात चहाच्या गाड्यावर भेटले.
एकतीस वर्षं जिल्हा कोर्टात टंकलेखक,
पंचनामे, जबान्या, कार्बनच्या चार प्रती.
बोटं अजून कपावर टकटक करतात.
रागावले नव्हते. त्यानंच अवघड झालं.
'लिंबाचं चांगलं लिहिलंय तुम्ही,' म्हणाले,
'फक्त, माझ्या पुस्तकात
तिच्या पाटीतलं एकही लिंबू खाली पडत नाही.
ओलं पोतं टाकून ठेवलेलं असतं तिनं.
दुसऱ्या दिवशी भावजय मंडईत बसते
आणि सगळी विकते.
ते पान आहे ना अजून, वाचनालयाच्या प्रतीत?'
मी आहे म्हणालो.
मला आठवत नव्हतं.
चहाचे पैसे त्यांनीच दिले, सुट्टे, मोजून.

मंगळवारी आमच्या पेपरात चूकभूल आली:
छायालेखकाच्या आडनावातली वेलांटी.
पाटी चौथ्या आठवड्याची लागली होती,
पोरं आता खुन्याचे संवाद
चौकाचौकात म्हणून दाखवत होती, आणि म्हणत होती छान.

वाचनालयात गेलो. पान आहे. एकशे अठ्ठेचाळीस.
कडेला समासात कुणा वाचकानं
पेन्सिलीनं हिशेब मांडलाय:
इतकी लिंबं, इतक्याला शेकडा,
वजा बाजारपट्टी, वजा पोत्याचे,
उरले ते भावजयीचे.

मी उभ्या उभ्याच पुन्हा मांडून पाहिला.
बरोबर येतो.