मेण

एकेचाळीस साली माझे वडील, कचेश्वर सुतार,
देवळाली कॅम्पात जर्मन कैद्यांच्या बराकींना
दारं बसवायला जात.
तारेच्या आत एकजण भल्या सकाळी
दोन बांबू टेकत धुळीतून चाले.
पाय उचलत नसे, पुढे सरकवी,
आणि जरा थांबून
न आलेल्या घसरणीची वाट पाही.

पहाऱ्यावरचे गोरे हसत.
त्यांच्या बोलीत वेड लागण्याला
आमच्याच गावाचं नाव होतं.

हार्टविग. वडलांच्या तोंडी हरतू.
दोघांत मिळून साठेक इंग्रजी शब्द,
बाकीचं फळीवर पेन्सिलनं.
वडलांना कळलं ते एवढं:
पहिल्या लढाईत बाप गेला,
पिंपाच्या फळ्या पायांना बांधून हा शाळेत जाई,
मग शर्यती, पन्नास किलोमीटर, जंगलातून,
मिशीवर गोठलेला श्वास.
बहुतेकदा अकरावा-बारावा, एकदा चौथा.
पहिला कधीच नाही.

क्लबातला त्याचा जोडीदार,
मेण लावण्यात ह्याच्याहून तरबेज,
एका हिवाळ्यात यादीतून गळला. आडनावावरून.
मग तू काय केलंस, वडलांनी विचारलं.
हरतूनं फळीवर आकडा लिहिला. सात.
त्या वर्षी तो सातवा आला होता.

पुढे मुंबईत रंगाच्या कंपनीत नोकरी,
पुढे लढाई, पुढे तार.

त्याला हवं ते लाकूड आपल्याकडे उगवत नाही.
वडलांनी सुरगाण्याच्या सागाच्या दोन पट्ट्या तासल्या,
टोकं वाफेवर धरून वर वळवली,
आणि पांडवलेण्याच्या पोळ्यातलं मेण दिलं.
ऐन एप्रिलात तो ते चोळत बसला,
तळहातानं, एकाच दिशेनं,
तोंडानं बर्फाची सात-आठ नावं घेत.
वडलांना आधी वाटलं, शिव्या देतोय.

मग कैदी डेहराडूनला हलवले.
पट्ट्या नेऊ दिल्या नाहीत.
एकीवर आई कुरडया वाळवायची.
दुसरीचं काय झालं, कुणी सांगितलं नाही.

परवा निफाडला, भाचीच्या बागेत,
घड वाचवायला रात्रभर शेकोट्या पेटवल्या होत्या.
पहाटे तरीही पानापानावर पांढरं.
मी बोटानं खरवडून पाहिलं:
कोरडं, बारीक दाण्याचं,
चिमटीत करकरणारं.

ह्याला कुठलं मेण लागतं
ते त्या जोडीदाराला माहीत असणार.
त्याचं नाव वडलांनी विचारलं होतं.
फळीवर तेवढी जागा कोरीच राहिली.