दोन बोटं जागा

खसबच्या धक्क्यावर नवी नोटीस लागली.
स्ट्रिक्ट, ठळक अक्षरांत, दोनदा.
फोरमन शेही म्हणाला, अर्थ सांगायला हवा का, पावसे?

नको. हर्णैच्या शाळेत खारकर बाई स्ट्रिक्ट होत्या.
आणि परवा फोनवर लेक म्हणाली,
बाबा, तुम्ही फार स्ट्रिक्ट आहात.
दोन वर्षांत मी घरी चौतीस दिवस.
एवढ्यात माणूस किती स्ट्रिक्ट होणार?

टाइमकीपर कुरियाकोसकडे कव्हर गेलेली डिक्शनरी आहे,
पानापानावर ग्रीसचे अंगठे.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला,
मूळ लॅटिन. त्यात राग नाही रे,
आवळणं आहे. ताणून बांधणं.

मला हसूच आलं. मग शब्द तर माझाच.
बावीस वर्षं दुसरं केलंय काय?
टायर, फ्रिज, कांद्याच्या गोणी,
पट्टा घाल, कडी अडकव, आवळ.

आवळा खाल्ल्यावर तोंड होतं तसं करून दाखवलं.
तो म्हणाला, त्या तुरट चवीचाही इंग्रजी शब्द याच घरातला.
मग बोट बाहेर केलं,
डोंगर पाण्याला चिमटीत धरायला येतात त्या दिशेला:
ती सामुद्रधुनी. स्ट्रेट.
तीसुद्धा. सख्खी बहीण.

बराच वेळ बघत राहिलो.
एवढं आवळलेलं पाणी, आणि त्यातून
गावाएवढी तेलाची जहाजं
घाई न करता चाललेली.

बापूस काथ्याचा दोर वळायचा.
भिजला की आपसूक आवळतो तो, म्हणायचा,
बांधताना दोन बोटां जागा ठेव रं.
आता नायलॉन. नायलॉनला कोण काय शिकवणार.

रात्री लेकीचा मेसेज.
कॉलेजची ट्रिप, तीन दिवस, मुलं-मुली मिळून.
मी लिहिलं: जा, पण
आणि पुढे सुचेना.

खाली इराणी बोटींतून उतरलेल्या शेळ्या
एकमेकींना टेकून उभ्या होत्या.
एकीची दोरी गळ्यात रुतलेली.
फोन बोलार्डवर ठेवून उतरलो,
दोरीखाली बोटं शिरवायला लागलो. एक गेलं.
दुसरं जाईना.
गाठ ओली, नखं तुटली,
कुणी बांधली असेल, माझ्यासारख्याच कुणी.

सुटल्यावर तिनं मान झटकली
आणि माझा अंगठा चघळत उभी राहिली.
वर फोनचा उजेड
थोडा वेळ होता, मग तोही विझला.